खलाशी, गोंदिया जंक्शन

गोंदियात ‘खलाशी’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही. येतो तो रेल्वेचा खलाशी. खांद्यावर पहार, हातात हातोडा, यार्डातून रूळ ओलांडत निघालेला. कुणाचा मामा खलाशी, कुणाचे आजोबा छोट्या लाईनवर खलाशी म्हणून लागले आणि फिटर होऊन निवृत्त झाले. जबलपूरकडची नॅरोगेज इथूनच सुटायची. या गावाचं बंदर म्हणजे हे जंक्शन. हा शब्द रेल्वेनंच जन्माला घातला असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

प्रत्यक्षात तो पाण्यावरून चढून आलेला आहे. जड ओझी दोर, कप्पी आणि अंगबळाच्या हिशेबावर वर-खाली करणारी जहाजावरची माणसं ती खलाशी. पुढे गोदीत, पुलांच्या बांधकामावर, रेल्वेच्या कारखान्यांत हीच विद्या लागली आणि विद्येबरोबर नावही जमिनीवर उतरलं. बोलीसुद्धा उतरली. क्रेनखाली उभा राहिलेला जुना रिगर हूक खाली घ्यायला ‘आरिया’ ओरडतो आणि वर घ्यायला ‘हबेस’. आरिया हा मूळचा पोर्तुगीज, शीड उतरवण्याचा हुकूम. अरबी, फारसी, पोर्तुगीज आणि आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या भाषांची ही खिचडी. टॉमस रोबक नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८११ साली कलकत्त्यात तिचा शब्दकोश छापला. गरजच होती, ही बोली आल्याशिवाय इंग्रज कप्तानाला स्वतःच्या जहाजावर साधा दोर ओढून मिळत नसे.

समुद्र या गावात आणखी एका ठिकाणी आहे. फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गोंदियाची तीनशे मीटरच्या वर. मुंबई इथून रुळांनी सुमारे ९७० किलोमीटर, म्हणजे विदर्भ एक्सप्रेसची एक अख्खी रात्र. गंमत अशी की जवळच बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवतात; त्यामुळे इथल्या पोराला वैमानिक दिसतो, जहाजी दिसत नाही. अर्जुनी मोरगावच्या एखाद्या पोरानं घरी ‘मर्चंट नेव्हीत जातो’ म्हटलं, तर आजीचा पहिला प्रश्न ‘लढाईवर चालला का रे बाप्पा?’ असाच असणार. मर्चंट नेव्हीत लढाई नसते. ती मालवाहू जहाजांची दुनिया आहे: कोळसा, तेल, गहू, मोटारी, कंटेनर. तरीही आजीच्या प्रश्नात दम आहे. ज्यानं समुद्र पाहिलेला नाही, त्या दहावी पास पोराच्या हातात तीनशे मीटर लांबीच्या जहाजाचं सुकाणू परक्या देशाचा कप्तान कशाच्या भरवशावर देतो?

शंभर वर्षांपूर्वी तो दिलाच नसता. १९१४च्या सुमाराला ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या घरात हिंदी खलाशी होते, पण त्यांतला प्रत्येक जण कुणाचा तरी कुणीतरी होता. डेकवर रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खारवे, भांडी-स्वयंपाक आणि सलूनला गोव्याचे, बॉयलरपुढे पंजाब नाहीतर सिल्हेटकडचे. भरती करायचा तो सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. तो आपल्याच गावातून, आपल्याच भाऊबंदांतून माणसं उचलायचा. त्याच्या हाताखाली तांडेल, चाकावर सुकाणी, सामानाच्या कोठीवर कसाब. मुलगा लहानपणापासून मामाच्या होडीत बसलेला असायचा, आणि पोराचं काही चुकलं तर मामाची अब्रू जायची. हीच हमी. तिची दुसरी बाजू म्हणजे उचल, दलाली, लाच. खलाशांच्या भरतीतल्या या लाचखोरीची दखल १९३१च्या व्हिटली आयोगालाही घ्यावी लागली. सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावं आजही कोकणात, मुंबईत भेटतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या गावात सारंग नव्हता. म्हणून जहाजही नव्हतं.

आता मामा लागत नाही. मामाची जागा कागदांनी घेतली आहे. हे वाक्य रुक्ष वाटेल, पण त्या कागदांच्या आत डोकावलं की मी तरी प्रत्येक वेळी थक्क होतो.

पहिला कागद डोळ्यांचा. जहाज वाहतूक महासंचालनालयानं मान्यता दिलेला डॉक्टर पोराला तपासतो, आणि डेकवर जायचं असेल तर एका गोष्टीला माफी नाही: लाल आणि हिरवा नीट ओळखता आला पाहिजे. जपानी डॉक्टर इशिहारांच्या ठिपक्यांच्या पाट्या त्याच्यापुढे धरल्या जातात. त्या ठिपक्यांत आकडा दिसला नाही की डेकचं दार बंद, मग पोरगा बाकी कितीही हुशार असो. ही तपासणी आधी रेल्वेत आली. १८७५ साली स्वीडनमधल्या लागेरलुंडाजवळ दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि सिग्नलचा रंग ओळखण्यात घोटाळा झाला असावा असा संशय होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकानं घेतला. रंगीत लोकरीच्या लडी पुढे टाकून तो रेल्वेच्या माणसांना ‘यांतल्या सारख्या निवड’ म्हणू लागला. आमच्या लोको पायलटांची रंगपरीक्षा आणि जहाजावरच्या खलाशाची रंगपरीक्षा या अशा सख्ख्या बहिणी.

पण समुद्रावर सिग्नलचा खांब नाही. तिथं प्रत्येक जहाज स्वतःच सिग्नल असतं. डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, आणि दोन्हींचा उजेड समोरून बाजूकडे प्रत्येकी ११२.५ अंशांपर्यंतच. मागचा पांढरा दिवा १३५ अंशांचा. बेरीज करा: ११२.५ आणि ११२.५ आणि १३५, बरोबर ३६०. अंधारात जहाज दिसत नाही, दिसतो तो फक्त एक ठिपका. पण त्या ठिपक्याचा रंग सांगतो की ते जहाज तुमच्याकडे कुठलं अंग करून चाललंय. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ते नाक करून थेट तुमच्यावर येतंय. आणि यातली खरी नजाकत पुढे आहे. आडव्या वाटेनं येणारं जहाज तुमच्या उजवीकडे असेल तर वाट तुम्ही सोडायची, असा नियम आहे. उजवीकडून आडवं येणाऱ्या जहाजाचं कुठलं अंग तुम्हाला दिसेल? डावं. म्हणजे लाल. ज्यानं थांबायचं त्यालाच लाल दिसतो, आणि त्याच क्षणी समोरच्याला तुमचा हिरवा दिसत असतो. चौकात खांब नाही, पोलीस नाही. दोन जहाजं एकमेकांना आपापल्या अंगावरच्या दिव्यांनी सिग्नल देतात. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कागदाच्या दोन होड्या करून, लाल-हिरवे ठिपके काढून, जेवणाच्या ताटाभोवती फिरवून खात्री केली होती.

असलं ज्ञान नव्या पोराला सहा महिन्यांत देतात. त्या अभ्यासक्रमाचं नाव जीपी रेटिंग. जीपी म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हीकडे चालणारा माणूस. रेटिंग म्हणजे अधिकारी नसलेला खलाशी. गणित-विज्ञानासह दहावी, त्यात एकूण आणि इंग्रजीत निदान चाळीस टक्के, वय साडेसतरा ते पंचवीस, आणि निवासी शिक्षण. शेवटी देशभर एकच परीक्षा. मुंबईजवळच्या न्हावा बेटावरची ‘रहमान’ ही संस्था या कामात शंभर वर्षांपासून आहे. अधिकारी घडवणारी ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका १९२७ साली मुंबईच्या बंदरात सुरू झाली. तिची जागा पुढे ‘राजेंद्र’नं घेतली आणि शेवटी नेरूळच्या ‘चाणक्य’नं. ‘चाणक्य’च्या नावाआधी ट्रेनिंग शिप असं लागतं, पण ती पक्क्या जमिनीवरची इमारत आहे. पुण्याजवळ तळेगाव आणि लोणी काळभोरलाही जहाजी शिक्षणाच्या संस्था आहेत. समुद्र नसलेल्या गावात समुद्र शिकवता येतो हे पुणेकरांनी सिद्ध केलं आहे. अर्थात पुणेकर काहीही सिद्ध करू शकतात.

जीपीच्या वर्गात दोराच्या गाठी हा मोठा विषय. दोन वेगळ्या जाडीचे दोर जोडायला एक गाठ शिकवतात, तिला शीट बेंड म्हणतात. जाड दोराचा वळसा करायचा, बारीक दोर त्यातून वर काढायचा, मागून वेढा द्यायचा आणि स्वतःच्याच खाली खुपसायचा. ताण आला की घट्ट होते, ताण सुटला की सहज उकलते. हिचं चित्र पाहून मी चमकलो, कारण ही गाठ मी नवेगाव बांधच्या काठावर हजार वेळा पाहिली होती. ढिवरांच्या हातानं विणलेल्या जाळ्याचा प्रत्येक डोळा याच गाठीनं बांधलेला असतो. कोहळी समाजानं खोदलेल्या तलावांचा हा प्रदेश. आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो, माजी मालगुजारीतले ‘मा’ आणि ‘मा’. त्या तलावांवर डोंग्यात बसून पिढ्यान्‌पिढ्या जी गाठ मारली गेली, ती समुद्रापर्यंत गेली की समुद्रावरून आली, याची मला उत्सुकता नाही. मला मौज वाटते ती ही, की ढिवराच्या घरातला पोरगा या वर्गात बसला तर त्या एका तासाला मास्तरांपेक्षा त्याचेच हात जलद चालतील. समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्याकडे समुद्राचं काहीच नाही असं म्हणता येत नाही.

या सहा महिन्यांत आणखी एक गोष्ट येते आणि ती जहाज चालवण्याची नाही, जहाज सोडण्याची आहे. जगात कुठल्याही मालवाहू जहाजावर पाऊल ठेवायचं तर चार मूलभूत प्रशिक्षणं हवीतच: पाण्यात जीव वाचवणं, आग, प्रथमोपचार, आणि स्वतःची सुरक्षा व माणसांशी वागणं. जोडीला चाचेगिरी वगैरेंसाठी सुरक्षेचं एक. पहिल्या चारांत जहाज एकदाही पुढे जात नाही. एकात ते बुडतं, एकात जळतं, एकात कुणाचा तरी हात चिरडतो. चौथ्यात निरनिराळ्या देशांतली वीस-बावीस माणसं महिनोन्‌महिने एका लोखंडी पेटीत राहतात, आणि तेही संकटांतच मोजलेलं आहे! माणसाशी नीट वागण्याचा सरकारी दाखला लागणारी नोकरी दुसरी मला ठाऊक नाही. लग्नाआधी असा एखादा काढून ठेवावा, असं घरातल्यांचं मत पडलं.

पाण्यातल्या प्रशिक्षणात पोराला जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून उडी मारायला लावतात. एका हातानं नाक दाबायचं, दुसऱ्यानं जाकीट खाली धरायचं, कारण पाण्यावर आदळताना जाकीटच वर उसळून हनुवटीला मारतं. मग उलटा पडलेला तराफा एकट्यानं सुलटा करायचा. हे तराफे जहाजावर पांढऱ्या पिंपांत मिटून ठेवलेले असतात. त्या पिंपाला बांधलेल्या पट्ट्यात चकतीएवढं एक यंत्र असतं. जहाज इतक्या झपाट्यानं बुडालं की पिंपाला हात लावायला कुणी उरलं नाही, तर पाणी दीड ते चार मीटरच्या दरम्यान चढलं की त्याच्या दाबानंच आतलं पातं सुटतं, पट्टा कापला जातो, पिंप वर झेपावतं, जहाजाला बांधलेली दोरी ताणली जाते आणि त्या ओढीनं तराफा आपोआप फुगतो. मग जहाज खाली ओढू लागलं की मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा तुटतो आणि तराफा मोकळा होतो. बुडणारं जहाजच शेवटच्या मिनिटाला आपल्या माणसांसाठी तराफा फुगवून देतं. ना वीज, ना बटण. फक्त पाण्याचं वजन.

आग आणि धुराच्या खोलीबद्दल फार सांगत नाही. ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण बंद जागेबद्दल सांगायलाच हवं, कारण ते आमच्या गावच्या माणसाला न शिकवता समजेल. उन्हाळ्यात जुन्या विहिरीतला गाळ काढायला एक जण उतरतो आणि वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो. मग तिसरा. वर्तमानपत्रात ही बातमी दर उन्हाळ्यात असते. जुनी माणसं आधी कंदील सोडून पाहायची. जहाजात नांगराची साखळी ठेवायची कोठी असते, रिकाम्या टाक्या असतात, आणि तिथं विषारी वायू नसला तरी माणूस मरतो, कारण लोखंड गंजतं. गंजणं म्हणजे लोखंडानं हवेतला प्राणवायू खाणं. महिनोन्‌महिने बंद असलेल्या कोठीच्या भिंती हळूहळू आतला प्राणवायू पिऊन टाकतात. हवेत तो २०.९ टक्के असतो, तिथं तो जीव जाण्याइतका उतरतो आणि त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून मीटरनं मोजल्याशिवाय, लेखी परवानगी आणि तोंडाशी उभा माणूस असल्याशिवाय आत जायचं नाही. सोबत्याला पडलेला पाहून धावत आत न जाण्याचा सराव दर दोन महिन्यांनी करायचा. मदतीला न धावणं शिकवावं लागतं, इतकं ते माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे.

आता सुकाणू. जहाजावर सहा महिने काढल्यावर, पहाऱ्यात भाग घेता येतो असा दाखला या पोराला मिळू शकतो, आणि मग तो ब्रिजवर उभा राहतो. चार तास पहारा, आठ तास मोकळे, पुन्हा चार तास. अधिकारी म्हणतो, ‘स्टारबोर्ड टेन’. खलाशी तेच शब्द, जसेच्या तसे, परत म्हणतो: ‘स्टारबोर्ड टेन’. मग चाक फिरवतो. सुकाणू दहा अंशांवर पोचलं की पुन्हा सांगतो. एकच हुकूम तीनदा हवेत फिरतो. बाहेरच्याला पोपटपंची वाटेल, पण इथं हुकूम देणारा युक्रेनचा आणि घेणारा गोंदियाचा असू शकतो, आणि दोन लाख टन वजनाचं जहाज चुकीच्या बाजूला वळू लागलं की त्याला ब्रेक नसतो. यासाठीच २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं समुद्रावरच्या ठरीव इंग्रजी वाक्यांचा एक संचच मंजूर केला. कविता नाही, अलंकार नाही, ‘बहुतेक’ नाही.

पहाऱ्यावरच्या माणसाला एक लहानशी युक्ती शिकवतात, ती तर घरी येऊन सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. समुद्रावर दुसरं जहाज दिसलं तर ते कुठल्या दिशेला दिसतंय ते होकायंत्रावर पाहून ठेवायचं. थोड्या वेळानं पुन्हा पाहायचं. दिशा बदलत असेल तर सहसा काळजी नाही. ते जवळ येतंय आणि दिशा मात्र तीच राहिलीय, म्हणजे खिडकीच्या काचेवर ते जणू एकाच जागी चिकटलंय, तर टक्कर ठरलेली आहे. आपल्या डोळ्यांना हलणाऱ्या गोष्टीची भीती वाटते. इथं न हलणारी गोष्ट जीवघेणी. बालाघाट रस्त्यावर मोटारसायकलवरून जाताना आडव्या रस्त्यानं येणारा ट्रॅक्टर बघा. तो आरशाच्या कडेशी जिथं दिसला तिथंच दिसत राहिला, तर चौकात गाठ पडणार.

सुकाणूच्या साध्या बाबी किती महाग पडतात ते १९६७च्या मार्चमध्ये जगाला दिसलं. ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळच्या सेव्हन स्टोन्स खडकांवर चढलं आणि पोटातलं सुमारे एक लाख वीस हजार टन कच्चं तेल समुद्रात गेलं. शेवटच्या मिनिटांत चाक फिरवूनही जहाज वळेना. चाकाचा सुकाणूशी असलेला संबंध एका कळीनं तुटलेला होता, आणि ती कळ चुकीच्या जागी आहे हे लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेली. जहाजाचा झेंडा लायबेरियाचा, खलाशी इटलीचे, तेल ब्रिटिश कंपनीचं, किनारे इंग्लंड आणि फ्रान्सचे काळे झाले. मग जाब कुणाला विचारायचा आणि खलाशाला कुणी काय शिकवलं होतं ते कुठल्या देशाच्या वहीत पाहायचं? या धक्क्यानंतर चाललेल्या खटपटीतून ७ जुलै १९७८ रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजी माणसं त्याला नुसतं ‘एसटीसीडब्ल्यू’ म्हणतात: खलाशांचं शिक्षण, दाखले आणि पहारा यांचे मापदंड. १९९५ साली तो मुळापासून सुधारला, २०१० साली मनिलात पुन्हा. आज या कराराच्या कलमावर बोट ठेवून मिळवलेला मुंबईचा दाखला रॉटरडॅमला वाचता येतो. या कराराला झोपेचाही आकडा आहे: कुठल्याही चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती, आठवड्यात ७७, आणि त्या दहाचे फार तर दोन तुकडे, पैकी एक सहा तासांपेक्षा कमी नाही. गोंदियात धान कापणीच्या दिवसांत कुणालाही सांगून पाहा.

आता खलाशाच्या पुस्तकाकडे येऊ. पासपोर्टसारखं दिसतं, नाव सीडीसी, कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट. डिस्चार्ज म्हणजे जहाजावरून मोकळं होणं. पूर्वी प्रत्येक सफरीनंतर सुट्टा कागद मिळायचा. मग सगळ्या सुटका एकाच वहीत सलग लिहायची पद्धत आली. कुठल्या जहाजावर, कुठल्या बंदरात चढलो, कुठं उतरलो, कुठल्या हुद्द्यावर. खलाशाची सगळी नोकरी त्याच्या सुटकांच्या यादीत मोजली जाते! आणि ‘खलाशी’ शब्दाच्या मुळाशी अरबीतला ‘खलास’ म्हणजे सुटका आहे असं मानतात. खरं असेल तर वहीचं नाव आणि माणसाचं नाव एकच झालं. या वहीआधी ‘इंडोस’ नावाचा एक क्रमांक मिळतो, जन्मभराचा. २०१९पासून चेहऱ्याची बायोमेट्रिक नोंद असलेलं वेगळं ओळखपत्रही आलं. असं पत्र देणारा भारत पहिला देश ठरला.

पुढची शिडी थोडक्यात. ओएस, म्हणजे साधा खलाशी. पुरेशा समुद्रसेवेनंतर एबी, म्हणजे मुरलेला खलाशी. आणि मग बोसन, म्हणजेच आपला जुना सारंग. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेतलेल्यांसाठी दार वेगळं. ते प्रवेशपरीक्षा देऊन कॅडेट होतात, मग सेकंड मेट, फर्स्ट मेट, मास्टर. मास्टर म्हणजे कप्तान. पण एक फट मला विशेष आवडते: करारात असं कलम आहे की पुरेशी वर्षं, म्हणजे ३६ महिने, डेकवर काढलेला खलाशीही पहारा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसू शकतो. तोंडी परीक्षेत परीक्षक टेबलावर दिव्यांच्या प्रतिकृती मांडतो आणि विचारतो, सांगा, काय दिसतंय? अभ्यास सोपा नाही. पण तांडेलाच्या घरात जन्म घेण्यापेक्षा तो नक्कीच हातातला आहे.

कागदांनी मामाला हटवलं, तशी मामाची दलाली मात्र पुरती गेली नाही. ती एजंटाच्या रूपानं परत आली. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये ‘डायरेक्ट जॉइनिंग’चं आमिष, कुठल्यातरी भलत्याच देशाची सीडीसी, चार लाख, सहा लाख. शेत विकून दिलेले पैसे असतात हे. नियम सरळ आहे: संस्था महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत असली पाहिजे, आणि जहाजावर पाठवणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल परवाना असला पाहिजे. दोन्ही याद्या महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. सागरी कामगार करार २००६ प्रमाणे, जो भारतानं २०१५ साली स्वीकारला, नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय तपासणी, एवढाच खर्च त्याचा. नोकरीचे पैसे मागणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी तो तिथंच खोटा ठरतो.

मघाशी म्हटलं की आमच्याकडे समुद्राचं काहीच नाही असं म्हणता येत नाही. नुसती गाठच नव्हे. आमचं पाणी तर रोजच समुद्राला जातं. वैनगंगा जिल्ह्याच्या कडेनं खाली उतरते, वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्याला बंगालच्या उपसागरात. तिच्या मुखाशेजारचं बंदर काकीनाडा.

२०१५च्या जूनमध्ये काकीनाड्याहून निघालेली ‘दुर्गम्मा’ नावाची मासेमारी बोट याच समुद्रात वादळात सापडली. इंजिन बंद, नांगर गेलेला. अन्नपाणी वाहून गेलं आणि आतले सात जण शीतपेटीतल्या बर्फावर जगत होते. २२ जूनला भारतीय नौवहन महामंडळाच्या ‘संपूर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाच्या सेकंड मेटला अडीच किलोमीटरवर ती बोट दिसली. ओडिशातल्या गोपाळपूरच्या किनाऱ्यासमोर, पंचवीस फुटांवरच्या लाटा, साठ नॉटच्या वर वारा आणि मुसळधार पाऊस, अशात. पहारा, डोळे. जहाजाच्या कप्तान राधिका मेनन, मर्चंट नेव्हीतल्या पहिल्या भारतीय महिला कप्तान. त्यांनी जहाज वळवून बोटीला वाऱ्याच्या आडोशाला घेण्याचा हुकूम दिला आणि पायलट लॅडर सोडायला सांगितली.

पायलट लॅडर म्हणजे दोराची शिडी. बंदराचा वाटाड्या एरवी तिच्यावरूनच जहाजावर चढतो. दोन पायऱ्यांतलं अंतर ३१ ते ३५ सेंटिमीटर, बाजूचे दोर मनिला तागाचे, चढ नऊ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. असे तिचे नियम आहेत. ती तपासणं, कठड्याशी बांधणं, सोडणं, वर उभं राहून येणाऱ्याचा हात धरणं ही डेकवरच्या खलाशांची कामं. सहा महिन्यांच्या वर्गात शिकवलेली.

पहिला प्रयत्न फसला, दुसराही. तिसऱ्या खेपेला माणसं वर आली, सातही. घरच्यांनी त्यांची आशा सोडलेली होती. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं समुद्रावरच्या असामान्य शौर्याचा पुरस्कार मेनन यांना दिला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्या सातांत सगळ्यांत मोठा पन्नास वर्षांचा होता आणि धाकटा पंधराचा. त्या वयाला सीडीसी मिळत नाही, जीपीच्या वर्गातही घेत नाहीत. तो तसाच, कुठल्याही कागदाशिवाय, ती दोराची शिडी चढून डेकवर आला.